पॅसिफिक कोस्टचे जंगली आयरिस: ओळखायचे कसे आणि जगवायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट रेयसला हाइकला गेलात, समुद्राकडच्या गवतात निळ्या-जांभळ्या फुलांचे आयरिस दिसले, त्यांचे फोटो काढलेत, मग नर्सरीतून "पॅसिफिक कोस्ट आयरिस" एवढंच लेबल असलेली रोपं आणून समुद्रापासून आतल्या, उन्हाच्या सॅन रमोनच्या बागेत लावलीत, एप्रिलमध्ये छान फुलली आणि ऑगस्टमध्ये रोज पाणी घालूनही पिवळी पडून गेली. आता विचारताय की पॉइंट रेयसचं ते नेमकं कोणतं, या ग्रुपमध्ये जाती किती आणि त्या ओळखायच्या कशा, पुढच्या वेळी जगवायचे कसे, आणि बिया नाशिकला आईकडे पाठवल्या तर तिथे येतील का.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बाकीचं सगळं त्यावरच आहे. रोज पाणी घालूनही गेली असं नाही, रोज पाणी घातलं म्हणूनच गेली. आणि नावाचं म्हणाल तर या आयरिसना नाव विचारायच्या आधी गाव विचारायचं. कुठल्या डोंगरावर, समुद्रापासून किती लांब, कुठल्या झाडाखाली, हे कळलं की निम्मी ओळख तिथेच होते आणि बागेत कसं वागवायचं तेही बहुतेक कळतं. मी सोनोमा काउंटीत राहते, हे आयरिस बियांपासून वाढवत आलेय आणि रानात जाऊन बघत आलेय, तर जे नीट माहीत आहे ते लिहिते, जरा लांब होईल.

हा ग्रुप म्हणजे आयरिसमधली कॅलिफॉर्निकी ही सिरीज, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट. दाढी नसलेल्या आयरिसमध्ये मोडते, म्हणजे खाली झुकणाऱ्या तीन पाकळ्यांवर, ज्यांना फॉल्स म्हणतात, त्यांच्यावर तो केसाळ पट्टा नसतो आणि कोंबड्यासारखा तुराही नसतो. रानात हे फक्त अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीच्या बाजूला आहेत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरांपासून वर ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यापर्यंत. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. सगळ्यांचे क्रोमोसोम ४०. कंद बारीक, आडवा पसरणारा, मुळं तारेसारखी चिवट, पानं गवतासारखी अरुंद. नर्सरीतले ते जाडजूड बटाट्याएवढ्या कंदांचे दाढीवाले आयरिस डोक्यात असतील तर ते पूर्ण विसरा, कारण त्यांचे नियम इथे लावले की झाड हमखास मरतं.

जातींची आजची मांडणी मुख्यतः ली लेन्झ यांची आहे. हे क्लेअरमाँटच्या रँचो सांता आना बोटॅनिक गार्डनमध्ये होते, त्यांनी १९५८ मध्ये या ग्रुपचं सगळं पुन्हा तपासून लिहिलं आणि पुढच्या वर्षी संकरावर वेगळं काम छापलं. त्याआधी १९५३ मध्ये जॉर्ज लॉरेन्स यांनी अख्ख्या आयरिसची फेरमांडणी केलेली होती, पण रानात फिरून, एकेक वस्ती बघून, जातींचे आपसात क्रॉस करून बघायचं काम लेन्झ यांचं. त्यांनी ११ जाती धरल्या. नंतरच्या काही अभ्यासकांनी थॉम्पसनी ही १२ वी पुन्हा वेगळी काढली, जी लेन्झ यांनी इनॉमिनाटामध्ये मिसळली होती. आणि टेनुइस नावाचं ओरेगॉनच्या क्लॅकमस नदीकाठचं नाजूक आयरिस, जे आधी याच ग्रुपमध्ये ढकललेलं होतं, ते लेन्झ यांनी बाहेर काढलं, कारण त्याचे क्रोमोसोम २८ आणि त्याचं नातं तुरेवाल्या आयरिसशी. जुन्या पुस्तकात टेनुइस यात दिसलं तर गोंधळू नका.

आता लेन्झ यांच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या ११ जाती एकमेकींशी सहज क्रॉस होतात आणि संकरांना बियाही धरतात. म्हणजे इथे जात वेगळी राहते ती संकर होऊच शकत नाही म्हणून नाही, तर दोघी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात म्हणून. एक समुद्राच्या धुक्यात, दुसरी आतल्या कोरड्या टेकडीवर, तिसरी रेडवुडच्या सावलीत. मधली भिंत पडली, म्हणजे जंगल तोडलं, रस्ता काढला, की दोघी एकत्र येतात आणि रस्त्याच्या कडेला असं काही मिश्रण उगवतं की कुठल्याच वर्णनात बसत नाही. मेंडोसिनोकडच्या पर्डी या जातीचं हेच झालंय. रेडवुडखालची ही क्रीम रंगाची सुंदर जात, युकायाच्या कार्ल पर्डी या कंद विकणाऱ्या माणसाचं नाव तिला १८९७ मध्ये दिलं गेलं, पण तोडीनंतर डग्लसियाना आणि मॅक्रोसायफन तिच्या जागेत घुसल्या आणि आता शुद्ध पर्डी शोधायला बरंच आत जावं लागतं. मला या ग्रुपमधली ही सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट आहे, कारण दिसायला फुलं भरपूर दिसतात, कोणाला काही हरवलंय असं वाटतही नाही.

तर पॉइंट रेयसचं तुमचं. तुमच्या फोटोत दांड्याला फांद्या फुटलेल्या दिसतायत, पानं बोटभर रुंद, गडद हिरवी, बुडाशी लालसर. समुद्र दिसेल अशा उतारावर. हे आयरिस डग्लसियाना, मला शंका नाही. डग्लस म्हणजे तोच स्कॉटिश डेव्हिड डग्लस, लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी १८२० च्या दशकात इकडे येऊन झाडं गोळा करणारा. डग्लस फर ज्याच्या नावाने आहे तो. या ग्रुपमधलं पहिलं टेनॅक्स हेही त्यानेच ओरेगॉनच्या बाजूने पाठवलं, १८२९ मध्ये वनस्पतितज्ज्ञ लिंडली यांनी त्याचं वर्णन छापलं.

डग्लसियाना सांता बार्बरा काउंटीपासून ओरेगॉनच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत आहे आणि जवळजवळ कायम समुद्राच्या वाऱ्याच्या टप्प्यात. दांड्याला फांद्या फुटणं ही तिची मोठी खूण, बाकी बहुतेक जातींत दांडा साधा, वर एक किंवा दोन फुलं, बास. रंग मात्र काहीही: गडद जांभळा, फिकट लॅव्हेंडर, क्रीम, अगदी पांढराही, सगळे एकाच उतारावर. गुरं तिची पानं खात नाहीत, त्यामुळे जिथे चराई जास्त झाली तिथे बाकीचं गवत संपतं आणि हीच मोठमोठी गोल बेटं करून पसरते, किनाऱ्यावरचे रँचवाले तिला तण म्हणतात. तुम्ही जी भरगच्च निळी पट्टी बघितलीत ती बहुतेक अशीच जुन्या कुरणातली असणार.

पण एक सावधगिरी. त्याच भागात ओलसर चिकणमातीच्या गवताळ जागी लाँजिपेटाला नावाचं दुसरं आयरिस असतं, तेही निळसर, तेही किनाऱ्याजवळ, आणि लोक सर्रास दोघांची अदलाबदल करतात. ते या ग्रुपमधलंच नाही. त्याचा कंद जाड, पानं राखाडी हिरवी आणि ताठ, दांडा जाड आणि फांदीविना, वर एकाच ठिकाणातून तीन-चार किंवा जास्त फुलं निघतात, क्रोमोसोमही ८० च्या वर. सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या पलीकडे, लेक टाहोच्या बाजूला ओल्या कुरणात जे फिकट निळं दिसतं ते मिसौरिएन्सिस, तेही लाँजिपेटालाच्या गोतावळ्यातलं. वसंतात पाय बुडेल इतकी ओल असलेल्या कुरणात आयरिस दिसलं तर आधी या दोघांचा विचार करायचा, आपल्या ग्रुपमधल्यांना अशी दलदल चालत नाही.

आता ओळखायचं कसं. रंगावर जाऊ नका, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते आणि प्रत्येक जण रंगावरच जातो, कारण डोळ्यात तोच भरतो. बघायची ती फुलाची नळी.

एक फूल घ्या, स्वतःच्या बागेतलं, पार्कमधलं नाही. फुलाच्या खाली दोन हिरवी पानासारखी आवरणं असतात, त्यांना ब्रॅक्ट म्हणतात. ती नखाने हळूच बाजूला करा. आत तळाशी हिरवा, तीन कडांचा, फुगीर भाग दिसेल, तो बीजांडकोश, ज्याचं पुढे बोंड होतं. त्याच्या वरच्या टोकापासून पाकळ्या जिथे सुट्ट्या होतात तिथपर्यंत जो देठासारखा भाग आहे तो देठ नाहीच, ती फुलाची नळी. बऱ्याच लोकांना वाटतं फूल देठावर उभं आहे आणि ते प्रत्यक्षात नळीवर उभं असतं. तेवढ्या भागाला पट्टी लावा आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. एका फुलावर थांबू नका, जवळपासची चार-पाच वेगवेगळी झाडं मोजा.

डग्लसियानाची नळी मध्यम, साधारण १५ ते २८ मिलिमीटर, आणि तिच्या बीजांडकोशाच्या वरच्या टोकाला बोंडीसारखा छोटा उंचवटा असतो, तो दिसला की काम झालं. मॅक्रोसायफनची नळी लांबलचक, ३५ पासून ८५ पर्यंत, आणि वरच्या टोकाला वाटीसारखी रुंदावलेली. तिचा दांडा इतका बुटका की बीजांडकोश खाली पानांतच बसलेला असतो आणि नळीच फुलाला वर उचलून धरते. ही आतल्या कोस्ट रेंजच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांच्या, कोरड्या टेकड्यांवर, ओकच्या विरळ सावलीत आणि सिएराच्या पायथ्याशी. सोनेरी पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत सगळे रंग हिच्यात आहेत, म्हणूनच रंग निरुपयोगी म्हणते. क्रायसोफिलाची नळी सगळ्यात लांब, ४० मिलिमीटरच्या पुढे ते पार १२० पर्यंत, क्रीम-पिवळी, ओरेगॉनमधली. टेनुइसिमा सॅक्रामेंटो व्हॅलीच्या उत्तर टोकाच्या आजूबाजूला, बारीक दोऱ्यासारखी नळी, क्रीमवर तपकिरी-जांभळ्या शिरा, आणि सगळंच फूल अरुंद अरुंद पट्ट्यांचं केल्यासारखं. फर्नाल्डी आमच्या सोनोमा-नापाकडची आणि सांता क्रूझच्या डोंगरातली, फिकट पिवळी, पानं करडट, बुडाशी लाल-जांभळी, नळी ३० ते ६०.

आखूड नळीवाल्यांचा वेगळा गट डोक्यात ठेवा: टेनॅक्स, हार्टवेगी, मुन्झी आणि ब्रॅक्टिआटा, सगळ्यांची नळी सेंटिमीटरभर किंवा कमी. यात गावावरून लगेच निवाडा होतो. टेनॅक्स ही उत्तरेकडची, ओरेगॉनच्या विलॅमेट व्हॅलीत आणि वॉशिंग्टनपर्यंत. हार्टवेगी सिएराच्या पाइनच्या जंगलात, फिकट पिवळी किंवा लॅव्हेंडर, ब्रॅक्ट एकमेकांपासून लांब लांब. तिचे चार उपप्रकार आहेत, एक तुओलमी काउंटीतल्या कोलंबियाच्या आसपास, एक प्लुमासकडे, आणि ऑस्ट्रालिस नावाचा जांभळा उपप्रकार पार दक्षिणेत सॅन बर्नार्डिनो-सॅन गॅब्रियलमध्ये. मुन्झी फक्त तुलारी काउंटीतल्या सिएराच्या पायथ्याला, फूल मोठं, आणि त्यात निळ्याची जी छटा आहे, जवळजवळ फिरोजी, ती बाकी कुठल्याच जातीत नाही, आजच्या निळ्या हायब्रिडांमध्ये तो निळा रंग बहुतेक तिच्याकडून आलाय. ब्रॅक्टिआटा कॅलिफोर्निया-ओरेगॉन सीमेवर, पिवळी, आणि दांड्यावर आखूड लालसर पानं एकावर एक चढलेली, ही खूण पर्डीतही आहे पण पर्डीची नळी लांब, म्हणून गल्लत व्हायचं कारण नाही.

राहिली इनॉमिनाटा, माझी सगळ्यात आवडती. नैऋत्य ओरेगॉनच्या डोंगरातली, पानं इतकी बारीक की फूल नसताना गवताचा ठोंबच वाटावा, फुलं सोनेरी, त्यावर तपकिरी शिरांची जाळी, काही ठिकाणी जांभळीही. लिला लीच या वनस्पतितज्ज्ञ बाईंना ती १९२८ मध्ये सापडली आणि १९३० मध्ये हेंडरसन यांनी तिचं वर्णन छापलं. म्हणजे डग्लसनंतर जवळजवळ १०० वर्षं एवढं ठसठशीत सोनेरी फूल शास्त्राच्या वहीत नव्हतं. ज्या डोंगरात ती आहे तिथे रस्तेच नव्हते.

एवढं मोजूनही एखादं झाड दोन वर्णनांच्या मधोमध पडलं तर त्याला जबरदस्तीने नाव लावू नका. "डग्लसियाना आणि मॅक्रोसायफनच्या मधलं, अमुक रस्त्याच्या कडेला" असं लिहिणं जास्त खरं आहे. आणि नर्सरीतून आणलेल्या तुमच्या रोपांवर नुसतं "पॅसिफिक कोस्ट" होतं म्हणजे ते बागेत केलेलं हायब्रिड, त्याच्यात तीन-चार जातींचं रक्त असतं, त्याची जात शोधण्यात अर्थ नाही. ही हायब्रिडं करणाऱ्यांमध्ये सांता क्रूझच्या जो घिओ यांचं काम फार मोठं, झालरवाली रुंद पाकळ्यांची आजची फुलं बरीचशी त्यांच्या बागेतून आलीत.

जाता जाता या पानांबद्दल एक सांगायलाच हवं. उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक, करुक, हुपा या मूळनिवासी लोकांनी या आयरिसच्या पानांपासून दोर आणि जाळी केली. पानाच्या दोन कडांना दोन बारीक तंतू असतात, एका पानातून फक्त तेवढे दोनच निघतात. शिंपल्याचा घासलेला तुकडा अंगठ्याला लावून त्यावरून पान ओढायचं, हिरवा गर निघून जातो आणि रेशमासारखा तंतू हातात राहतो. मग ते मांडीवर वळून दोरा, आणि त्या दोऱ्यांचे सॅमन पकडायची जाळी, हरणाचे फास. एका जाळ्याला किती पानं लागत असतील याचा विचार करा आणि मग वाळलेलं पान बागेत उपटायला गेलात की ते तुटत का नाही ते कळेल, म्हणून सांगते, जुनी पानं ओढून काढू नका, कात्रीने कापा, ओढलं तर आख्खा कोंब कंदासकट वर येतो.

आता लागवड. सगळ्यात आधी या झाडाचं वर्ष समजून घ्या, कारण ते आपल्या डोक्यातल्या वर्षाच्या उलट आहे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस पडला, जमीन थंड झाली, की झाड जागं होतं, कंदातून नवीन पांढरी मुळं फुटतात, सगळा हिवाळा ते वाढतं, मार्च ते मे फुलतं, जून-जुलैत बोंडं पिकतात, आणि मग उन्हाळ्यात झोपतं. झोपतं म्हणजे पानं हिरवी राहतील पण मुळं तपकिरी होऊन काम थांबवतात. अशा झोपलेल्या झाडाला ३५ अंशांच्या उन्हात रोज पाणी घातलं तर ते पाणी मुळं ओढत नाहीत, गरम ओल्या मातीत बुरशी मात्र जोरात वाढते आणि कंद मानेपाशी सडतो. तुमची पानं पिवळी पडली, तुम्हाला वाटलं तहान लागली, आणखी पाणी दिलंत. काढून टाकताना पान हातात सहज सुटून आलं असेल आणि बुडाशी तपकिरी मऊ झालं असेल. मोहरीच्या दाण्यासारखे बारीक पिवळट-तपकिरी गोळे दिसले असतील तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी, मग तिथली वरची माती काढून टाका आणि निदान काही वर्षं तिथे आयरिस लावू नका.

म्हणून पहिला नियम लावण्याच्या वेळेचा. नर्सरीवाले ही झाडं एप्रिलमध्ये फुलावर विकतात कारण तेव्हाच ती खपतात, आणि घ्यायला ती सगळ्यात वाईट वेळ, पुढे लगेच उन्हाळा. घ्यायचं ते ऑक्टोबर ते डिसेंबर, इथल्या नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या शाखांचे सेल बहुतेक शरदातच असतात ते याच कारणाने. एप्रिलमध्ये मोह झालाच तर कुंडीतच ठेवा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल अशा जागी, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीवर थेट ऊन पडू देऊ नका, ती आतून भट्टी होते, आणि इथला हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला की जमिनीत लावा.

जुनं बेट फोडायचं असेल तरी हेच. आधी बाजूने बोट घालून माती उकरा आणि मुळं बघा. कोंबाच्या बुडातून पांढरी जाड नवीन मुळं दोन-तीन सेंटिमीटर निघालेली दिसली की फोडायचं, नसतील तर माती परत सारखी करून थांबायचं. कॅलेंडरपेक्षा हे पांढरं मूळ खरं. ठोंब सुटे करताना एकेक कोंब करू नका, तीन-चार कोंबांचा गठ्ठा ठेवा, पानं अर्धी कापा, आणि काढल्यापासून लावेपर्यंत मुळं सुकू देऊ नका, बादलीत पाण्यात ठेवली तरी चालतात. दाढीवाल्या आयरिससारखे कंद उन्हात वाळवत ठेवलेत तर संपलं. कंद मातीच्या जेमतेम खाली राहील एवढंच खोल लावा, लावल्यावर पाऊस नसेल तर पहिला हिवाळाभर माती ओलसर ठेवा, हा एकच काळ आहे जेव्हा पाण्यात कंजूषी करायची नाही.

जागा कुठली, तर इथे परत गाव आलं. तुम्ही किनाऱ्यावर राहत असता तर उघड्या उन्हात लावा म्हटलं असतं. सॅन रमोनला नाही, तिथे सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली. अंगणात जुना ओक असेल तर त्याच्याखालची जागा सर्वात उत्तम, कारण इथल्या ओकलाही उन्हाळ्यात पाणी चालत नाही, दोघांचं पथ्य एक. उलट लॉनच्या कडेला, स्प्रिंकलरच्या टप्प्यात, कधीच नाही. माती किंचित आम्ल आणि निचऱ्याची हवी. तुमच्याकडची माती चिकण असेल, तर खड्डा करून त्यात नर्सरीची भुसभुशीत माती भरू नका, त्या खड्ड्यात पाणी साचतं, त्याऐवजी वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. वर सालींचं किंवा ओकच्या पानांचं आच्छादन, पण कोंबांच्या बुडाला टेकवायचं नाही. खत जवळजवळ नको, द्यायचंच तर कॅमेलियासाठी मिळतं तसलं हलकं, शरदात, थोडं.

उन्हाळ्यातलं पाणी: मुळं धरलेल्या झाडाला, तुमच्यासारख्या आतल्या भागात सावलीत असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पहाटे गारव्यात, खोलवर, आणि मधे पूर्ण सुकू द्यायचं. किनाऱ्यावर धुक्यात तर महिन्याला एकदाही पुष्कळ. उष्णतेची लाट चालू असताना अजिबात नाही, झाड मलूल दिसलं तरी नाही, लाट ओसरू द्या. हार्टवेगी आणि टेनॅक्स या जाती थंडीच्या तोंडाला पानं टाकून देतात, ते मेलं समजून खणू नका.

जात निवडायची तर पहिल्यांदा डग्लसियानाच घ्या. सगळ्यात सोशिक, चिकण माती, थोडं ऊन, थोडं चुकीचं पाणी, सगळं निभावते. सांता बार्बरा बोटॅनिक गार्डनमधून आलेली "कॅनियन स्नो" ही पांढरी निवड आतल्या उन्हाच्या भागातही टिकते, नवीन माणसाला मी तीच सांगते. इनॉमिनाटा आणि हार्टवेगी सुंदर असल्या तरी सॅन रमोनच्या उन्हाळ्यात आणि जड मातीत फार त्रास देतील, एक-दोन वर्षं डग्लसियाना जगवून हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा.

बियांपासून करायचं असेल तर मनापासून करा म्हणेन, या ग्रुपची खरी मजा त्यातच आहे कारण प्रत्येक रोपाचं फूल वेगळं निघतं. रोप लहानपणापासून तुमच्याच मातीत वाढतं त्यामुळे टिकतंही चांगलं. बोंड तपकिरी होऊन टोकाला फुटायला लागलं की काढायचं, बिया कागदी पाकिटात ठेवायच्या, ऑक्टोबरमध्ये खोल कुंडीत प्युमिस (हलक्या सच्छिद्र दगडाची खडी) मिसळलेल्या मातीत सेंटिमीटरभर खोल पेरायच्या आणि कुंडी बाहेर पावसात ठेवून द्यायची. घरात उबेला नको, यांना थंड ओल लागते. जानेवारी-फेब्रुवारीत गवतासारखे कोंब येतात, काही बिया पुढच्या हिवाळ्यातही उगवतात म्हणून कुंडी लगेच रिकामी करू नका. दोन-तीन पानं आली की वाढ चालू असतानाच सुटी करा. फूल बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वसंतात. पॉइंट रेयसमधून बिया तोडून आणायचा विचार मनात असेल तर तो सोडा, ती नॅशनल सीशोर, म्हणजे राष्ट्रीय संरक्षित किनारा आहे, तिथून बी सुद्धा उचलायला बंदी आहे. बिया आयरिसच्या सोसायटीच्या सीड एक्स्चेंजमधून रीतसर मिळतात.

आता नाशिक. मनापासून सांगते, पाठवू नका. एक तर भारतात बिया न्यायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं, पाकिटात घालून नेणं नियमात बसत नाही. आणि सगळं रीतसर केलंत तरी झाड टिकणार नाही. जून ते सप्टेंबर हा त्याच्या झोपेचा काळ आणि नाशिकला नेमका तेव्हाच उबदार पाऊस, म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या हातून जे झालं ते तिथे आभाळच करणार, आणि हिवाळ्यात, जेव्हा याला पाऊस हवा, तेव्हा कोरडं. शेड-नेटने हे सुटत नाही.

भारतात यांचे लांबचे भाऊबंद आहेत, ते वेगळे. सिक्कीम-दार्जिलिंगच्या उंचीवर क्लार्काई नावाचं रानटी आयरिस आहे, तेही ४० क्रोमोसोमचं, सैबेरियन आयरिसच्या सिरीजमधलं. या ४० वाल्या सैबेरियन जातींचे आणि कॅलिफोर्नियाच्या जातींचे बागेत संकर झालेत, त्यांना कॅल-सिब म्हणतात, फुलं देखणी पण बहुतेकांना बी धरत नाही. सांदकफूच्या ट्रेकला कधी गेलात तर ओलसर उतारांवर लक्ष ठेवा. पण तेही हिमालयाच्या थंडीतलं, नाशिकला उपयोगाचं नाही.

आईंना आयरिसच्याच कुळातलं काहीतरी हवं असेल तर आयरिस डोमेस्टिका बघा, जुन्या पुस्तकात आणि नर्सरीत ते बेलमकांडा नावाने सापडेल, २००५ मध्ये ते आयरिसमध्ये घेतलं गेलं. नारिंगी फुलं, त्यावर लाल ठिपके, पंख्यासारखी पानं, आणि बोंड फुटलं की आत काळ्या चकचकीत बिया काळ्या बेरीसारख्या चिकटून बसलेल्या. मूळचं आशियातलंच असल्यामुळे उन्हाळ्यातला पाऊस त्याला मानवतो, फक्त कुंडीत किंवा वाफ्यात पाणी साचू द्यायचं नाही. रोप किंवा बी तिथल्याच नर्सरीतून घ्यायला सांगा, पावसाळ्याच्या तोंडाला लावलं की चांगलं धरतं.